मोटारसायकलला मोबाईल चार्जिंगचे सॉकेट थेट बॅटरीवरून जोडावे की चावीनंतरच्या वायरवरून?

आपण विचारले आहे की १२५ सीसीच्या गाडीला मोबाईल चार्जिंगसाठी यूएसबी सॉकेट बसवताना वीज थेट बॅटरीवरून घ्यावी की चावीनंतरच्या वायरवरून (म्हणजे चावी चालू केल्यावरच जिच्यात वीज येते त्या वायरवरून), आणि त्यामुळे बॅटरी उतरेल का. चावीनंतरच्या वायरवरून घ्यावी, एवढे सांगून थांबता आले असते. पण या सॉकेटवरून माझा आणि माझ्या साडूंचा २०१८ पासून वाद चालू आहे आणि प्रत्येक लग्नकार्यात ते त्याची अर्धीच हकीकत सांगतात, म्हणून उरलेली अर्धी येथे लिहितो.

त्या वर्षी जुलै महिन्यात आम्ही दोघे माझ्या जुन्या पल्सरवरून कराडहून चिपळूणला निघालो होतो. सॉकेट मी स्वतः पंधरा दिवसांपूर्वी बसवले होते. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वायर टाकीखालून हँडलपर्यंत नेली होती आणि फ्यूज हँडलवर, सॉकेटच्या अगदी जवळ ठेवला होता, कारण उडाल्यास बदलायला सोपा जाईल असे मला वाटले होते. कोयनानगर मागे पडल्यावर पावसाचा जोर वाढला, हेडलाइट एकाएकी मंद झाला आणि मागून साडू ओरडले, ‘‘अहो, काहीतरी जळतंय!’’ टाकीच्या खालून पांढरा धूर येत होता. वर पेट्रोल आणि खाली धूर, अशा स्थितीत सीट काढून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवायला मला किती वेळ लागला हे मी सांगू शकत नाही, परंतु त्या दिवसापासून स्क्रूड्रायव्हर मी टूलकिटच्या तळाशी ठेवत नाही.

टाकी उचलून पाहिले तेव्हा कारण दिसले. हँडल वळवताना वायर गळ्यापाशी चासीच्या कडेला घासत होती. घासून घासून तिचे प्लॅस्टिक गेले आणि तांबे लोखंडाला टेकले. तेथून बॅटरीपर्यंतची सगळी वायर तापून तिचे आवरण गाडीच्या मूळ हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) टेपला चिकटले होते आणि आतले तांबे काळेनिळे पडले होते. हँडलवरचा फ्यूज मात्र जसाच्या तसा शाबूत होता, कारण विद्युतप्रवाह त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच चासीत उतरत होता. गाडीचा मुख्य फ्यूजही उडाला नाही, कारण माझी वायर त्याला वळसा घालून थेट बॅटरीवर होती. फ्यूज हा सॉकेटसाठी किंवा मोबाईलसाठी नसतो, तो वायरसाठी असतो, आणि म्हणून तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आतच असला पाहिजे. कारखान्यात मेंटेनन्सला वीस वर्षे काढलेल्या माणसाने ही चूक करावी, याची लाज मला आजही वाटते.

साडू येथपर्यंतच सांगतात आणि शेवटी ‘‘म्हणून पॉवर बँक घ्यावी’’ असे जोडतात. वास्तविक त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवरून चिपळूणला फोन करायची वेळ आली तेव्हा त्यांच्या पिशवीतील पॉवर बँकचा एक दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला, कारण मागच्या प्रवासानंतर ती चार्जच केलेली नव्हती. फोन शेवटी टपरीवाल्याच्या मोबाईलवरून केला. हा भाग लग्नकार्यात कधी ऐकू येत नाही.

आता आपल्या बॅटरीविषयी. मोबाईल ५ व्होल्टला २ अँपिअर घेत असेल तर ते १० वॅट झाले. सॉकेटमधील तूट धरली तरी १२ व्होल्टच्या बाजूला साधारण १ अँपिअर लागतो. जुना हॅलोजन हेडलाइट ३५ वॅटचा असे, म्हणजे मोबाईलचा भार त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका आहे आणि धावत्या गाडीला तो जाणवत नाही. बॅटरी उतरते ती गाडी उभी असताना. व्होल्टेजचे निळे आकडे दाखवणारे सॉकेट थेट बॅटरीवर जोडले आणि ते नुसते २० मिलिअँपिअर घेत राहिले, तरी दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास जातो. १०० ते १२५ सीसीच्या गाड्यांची बॅटरी बहुधा ३ ते ५ अँपिअर-तासांची असते. गाडी आठवडाभर उभी राहिली की सेल्फ लागणार नाही. म्हणूनच चावीनंतरची वायर घ्यावी. टेस्ट लॅम्प लावून पाहावे: चावी चालू केल्यावर दिवा लागला पाहिजे आणि बंद केल्यावर विझला पाहिजे. हॉर्नकडे किंवा ब्रेक लाइटच्या स्विचकडे जाणारी पॉझिटिव्ह वायर बहुधा अशी मिळते. जेथून वायर फोडाल तेथेच २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज लावावा आणि हँडलच्या गळ्यापाशी वायरवर स्लीव्ह चढवून, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, ती कोठे ताणत किंवा घासत नाही ना, हे पाहावे. एका मोबाईलसाठी रिले (विजेवर चालणारा स्विच) लावणे ही निव्वळ हौस आहे. मी लावला आहे, ती गोष्ट वेगळी.

त्याच पल्सरवर नव्याने केलेली जोडणी अजून चालू आहे. साडूंनी गेल्या वर्षी घेतलेल्या स्कूटरमध्ये कंपनीनेच सॉकेट दिलेले आहे आणि ते त्याला मोबाईल लावतात, हे मी स्वतः पाहिले आहे. तेथे पॉवर बँकचा विषय निघत नाही.

एक गोष्ट खरे तर आधीच सांगायला हवी होती: गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर कापू नये, कारण पुढे इलेक्ट्रिकल बिघाड झाल्यास सर्व्हिस सेंटर त्याच कापलेल्या वायरकडे बोट दाखवेल, मूळ कनेक्टरमध्ये बसणारी जोडवायर मिळत असेल तर तीच वापरावी. पावसात सॉकेटचे रबरी झाकण लावून ठेवावे आणि ओल्या पोर्टमध्ये केबल घालू नये. तसेच महागडा मोबाईल हँडलवर लावणार असाल तर इंजिनाच्या कंपनांनी कॅमेऱ्याचे स्थिरीकरण बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिलेला आहे. मी केबल लांब घेऊन मोबाईल टँक बॅगमध्ये ठेवतो.