दगडी भिंतीवर चढण्याचा सराव आणि गृहनिर्माण संस्थेची नोटीस

प्रश्न : रस्त्यालगत घडीव दगडांची, सुमारे साडेचार मीटर उंचीची एक जुनी संरक्षक भिंत असून तिच्या वरच्या बाजूस एका गृहनिर्माण संस्थेचे आवार आहे. आम्ही सहा-सात जण चार वर्षांपासून सकाळी खाली जाड गाद्या अंथरून, दोराशिवाय, तिथे बोल्डरिंगचा सराव करतो. आजवर कुणीही हटकले नव्हते. गेल्या महिन्यात एक दगड निसटला आणि आमच्यातील सतरा वर्षांच्या मुलाचे मनगट मोडले. त्यानंतर संस्थेने वकिलामार्फत नोटीस पाठवली असून अतिक्रमण थांबवावे व भिंतीची नुकसानभरपाई द्यावी, अन्यथा फौजदारी तक्रार करू, असे तीत म्हटले आहे. आम्हाला शिक्षा होऊ शकते का? चार वर्षांच्या वापरामुळे आमचा हक्क निर्माण होत नाही का? आम्ही जबाबदारीमुक्तीची पत्रे लिहून दिली तर चालेल का?

उत्तर : नोटीस हाती पडल्या दिवसापासून त्या भिंतीवर चढणे थांबवावे, हे मी सर्वप्रथम सांगतो, कारण नोटिशीपूर्वीची आणि नंतरची आपली कायदेशीर स्थिती एकसारखी राहिलेली नाही.

चार वर्षे कुणी हरकत घेतली नाही, याचा अर्थ हक्क मिळाला असा होत नाही. सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार वहिवाटीने सुविधाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या जागेचा ठरावीक वापर करण्याचा हक्क, मिळण्यास वीस वर्षांचा अखंड आणि हक्क म्हणून केलेला उपभोग लागतो. शिवाय असा अधिकार एखाद्या जमिनीच्या लाभासाठी असतो, आणि ज्या जमिनीसाठी ही भिंत वापरली जाते अशी जमीनच आपल्यापाशी नाही. मालकाच्या मौनातून फार तर त्याच अधिनियमाच्या कलम ५४ खालील गर्भित अनुज्ञप्ती, म्हणजे न बोलता दिलेली परवानगी, निघू शकते. अशी परवानगी साधारणतः केव्हाही काढून घेता येते, आणि नोटिशीने ती काढून घेतली गेली आहे.

फौजदारी कारवाईची भीती मात्र आपल्याला वाटते तेवढी मोठी नाही. भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३२९ खालील फौजदारी अतिक्रमणासाठी नुसता प्रवेश पुरत नाही. अपराध करणे अथवा कब्जेदाराला धमकावणे, अपमानित करणे वा त्रास देणे हा उद्देश सिद्ध व्हावा लागतो. मथरी विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, आपल्या कृत्याने कुणाला त्रास होईल याची जाणीव असणे पुरेसे नाही, तर त्रास देणे हेच प्रवेशाचे उद्दिष्ट असले पाहिजे. सरावासाठी येणाऱ्यांचे ते उद्दिष्ट नव्हते, हे आपण ठामपणे सांगू शकता. या अपराधाला तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा असून तो जामीनपात्र आहे. परंतु दिवाणी कायद्यात उद्देशाचा प्रश्न येत नाही. दुसऱ्याच्या भिंतीला परवानगीवाचून अंग टेकवणे हेसुद्धा दिवाणी अतिक्रमण ठरू शकते, आणि नोटिशीनंतरही चढत राहिलात तर संस्थेला मनाई हुकूम मिळवणे सोपे जाईल.

नुकसानीचा मुद्दा मला यापेक्षा गंभीर वाटतो. हाताला लावलेल्या चॉकचे डाग पुसता येतात. पण बोटे रुतावीत म्हणून दगडांमधले सांधे खरवडणे, तारेच्या ब्रशने चुना काढणे किंवा भिंतीमागचे पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे पकड म्हणून वापरताना ती बुजवणे किंवा त्यांच्या कडा फोडणे, ही वेगळी गोष्ट आहे. पाणी अडले की मागच्या मातीचा दाब भिंतीवर येतो, आणि अशा कृत्याने नुकसान होण्याचा संभव आहे हे माहीत असल्यास ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खालील आगळीक, म्हणजे मालमत्तेचे जाणूनबुजून केलेले नुकसान, ठरू शकते. आपल्यापैकी कुणी असे काही केले असेल, तर ते आपल्या वकिलापासून लपवू नये. तसे झाले नसेल, तर दगड निसटण्याचे कारण आपला सराव आहे, हे सिद्ध करण्याचा भार संस्थेवर आहे. भिंतीची आजची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवावीत, ती रस्त्यावर उभे राहूनच.

मुळात भिंत कुणाची, हे नोटिशीत आधारासह लिहिले आहे का? रस्त्यालगतची संरक्षक भिंत पुष्कळदा स्थानिक प्राधिकरणाची असते. मालमत्ता पत्रक आणि नगर भूमापनाचा नकाशा पाहावा, तसेच माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली प्राधिकरणाकडे अर्ज करावा; त्याचे उत्तर सर्वसाधारणपणे तीस दिवसांत मिळायला हवे. भिंत प्राधिकरणाची निघाली तर संस्थेची भरपाईची मागणी कोसळते, पण आपल्याला चढण्याची मुभा मिळते असे नव्हे. परवानगी कुणाकडे मागायची एवढेच बदलते. ती संरक्षित स्मारकाचा भाग निघाली, तर तिथला नाद सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जखमी मुलाविषयी मला अधिक काळजी वाटते. पडण्याचा नेहमीचा धोका चढणारा स्वतःहून पत्करतो, असे न्यायालय मानू शकते. परंतु दगड सैल आहे हे मालकाला ठाऊक असेल आणि चढणाऱ्याला नसेल, तर परवानगीने आलेल्या व्यक्तीस तो धोका सांगणे हे सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५७ नुसार मालकाचे कर्तव्य आहे. म्हणूनच परवानगी देताना संस्था कचरेल, आणि तिची ती भीती निराधार नाही. जबाबदारीमुक्तीच्या पत्राने ती पूर्णपणे दूर होणार नाही. सज्ञान व्यक्तींच्या पत्राला काही वजन आहे. अल्पवयीनाने केलेला करार मात्र मुळातच निरर्थक असतो, हे प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाच्या, १९०३ च्या निर्णयापासून पक्के आहे. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्यांना या भिंतीवर आणू नये. त्या मुलाची उपचाराची कागदपत्रे पालकांनी जपून ठेवावीत, आणि त्याच्या हक्कांबाबत त्यांनी आपल्या गटाच्या वकिलाऐवजी स्वतंत्र वकिलाचा सल्ला घ्यावा, कारण या बाबतीत त्याचे आणि आपले हित एक असेलच असे नाही.

नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्यावे. सराव थांबवला असल्याचे कळवावे, नुकसानीचा आरोप नाकारायचा असल्यास कारणासह नाकारावा, मालकीचा पुरावा मागावा आणि त्याच पत्रात स्थापत्य अभियंत्याकडून भिंतीची तपासणी करून घेऊन ठरावीक भाग, ठरावीक वेळ आणि फक्त सज्ञान व्यक्ती, या अटींवर लेखी परवानगीचा प्रस्ताव ठेवावा. तपासणीचा खर्च उचलण्याची तयारी आपण दाखवलीत, तर संस्थेच्या सभेत त्या प्रस्तावाचा विचार होण्याची शक्यता वाढेल.