चार व्हॉल्व्ह कशाला?

प्रश्न : वाडीत 60 माड आहेत. ठिबकसाठी मेन (मुख्य नळी), सबमेन (तिच्या उपनळ्या), लॅटरल (झाडांपाशी जाणाऱ्या बारीक नळ्या) आणि चार वेगळे व्हॉल्व्ह सुचवले आहेत. एकच लांब नळी सगळीकडे फिरवली तर चालणार नाही का? झाडाच्या आतही असेच थर असतात म्हणे, ते खरे का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : नाही चालणार. माडाला ताशी 8 लिटरचे चार ड्रिपर (थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या) धरले तर 60 माडांना तासाला 1920 लिटर लागतात. एवढे पाणी 16 मिमीच्या एकाच नळीत घातले की घर्षणातच दाब संपतो, शेवटची आळी कोरडी राहतात. त्यापेक्षा 15 माडांचे चार भाग करा आणि प्रत्येक भागात पाच-पाच माडांच्या तीन लॅटरल टाका. मग एका लॅटरलवर ताशी 160 लिटरच येतात.

थरांचा खरा उपयोग बिघाड शोधताना होतो. ड्रिपरखाली भांडे ठेवून तीन मिनिटे मोजा. 400 मिली भरायला हवे. एकच ड्रिपर कमी देत असेल तर तो तुंबलाय. अख्खी लॅटरल मंद असेल तर नळी मुडपलीय किंवा उंदराने कुरतडलीय. पंधराही माड उपाशी असतील तर त्या भागाचा व्हॉल्व्ह पाहा, आणि सगळीच वाडी मंदावली असेल तर फिल्टर. 240 ड्रिपर एकेक तपासत बसायचे नाहीत. दुरुस्तीलाही एकच भाग बंद ठेवावा लागतो. लॅटरलची टोके मात्र अधूनमधून उघडून गाळ वाहू द्या. हे काम बहुतेक जण टाळतात.

झाडातले थर खरेच आहेत : पेशी, ऊती, अवयव, मग अख्खे झाड. पाणी वाहणाऱ्या नलिका एकमेकींना बारीक, पडदा असलेल्या छिद्रांनी जोडलेल्या असतात. एकीत हवेचा बुडबुडा शिरला तर तो पडदा सहसा त्याला शेजारणीत जाऊ देत नाही. तोही एक व्हॉल्व्हच म्हणा ना! आंब्याची फांदी मोडली तरी झाड जगते, कारण बाकीच्या फांद्यांना आपापले कोंब असतात. माडाचे तसे नाही. त्याला वाढीचा कोंब एकच, शेंड्यात. सोंड्या भुंग्याच्या अळीने तो पोखरला की खालचे खोड कितीही धडधाकट असो, माड गेला.

तुमच्या ठिबकात हे एकुलतेपण फिल्टरकडे आहे. त्याच्या अलीकडे-पलीकडे दाबमापक बसवा, दोघांतला फरक दर चौरस सेंटिमीटरला 0.5 किलोच्या वर गेला की जाळी धुवा, आणि एक जादा जाळी घरात ठेवा.