बर्कली विद्यापीठात अनडिक्लेअर्ड (मुख्य विषय न ठरवता) प्रवेश घेऊन नंतर कॉम्प्युटर सायन्स मिळतं का?

तुमच्या मुलाला बर्कलीत अनडिक्लेअर्ड आणि सॅन होजे स्टेटला थेट कॉम्प्युटर सायन्स (सीएस) असे दोन प्रवेश मिळालेत, कुठला घ्यावा असं तुम्ही विचारलंय. त्याला सीएसच हवं असेल तर सॅन होजे स्टेटची जागा घ्या. बर्कलीच्या नावापायी ती सोडू नका. 'एकदा आत शिरला की बदलून घेईल' असं तुम्ही लिहिलंय. फ्रीमाँटला गणपतीत माझा मामा भेटेल त्या आईवडिलांना हेच सांगतो, आणि उदाहरण माझं देतो. म्हणून लिहितेय.

मी गेले तेव्हा नियम वेगळा होता. सीएस 61ए, 61बी आणि 70 या तीन विषयांत मिळून 3.3 जीपीए (ग्रेडची सरासरी) आणला की लेटर्स अँड सायन्स या कॉलेजमधल्या कुणालाही सीएस घेता यायचं. मला 61ए मध्ये ए मायनस आणि 61बी मध्ये बी प्लस. म्हणजे 70 मध्ये निदान बी हवाच; बी मायनस आला की सरासरी 3.23 आणि विषय संपला. परत बसायचीही सोय नाही, कारण बर्कलीत डी प्लस किंवा त्याखालची ग्रेड असेल तरच विषय पुन्हा घेता येतो. नापास झालेल्याला दुसरी संधी आहे, बी मायनसवाल्याला नाही!

70 म्हणजे डिस्क्रीट मॅथ आणि प्रॉबॅबिलिटी. उत्तर बरोबर असून भागत नाही. इंडक्शनच्या सिद्धतेत एखादी पायरी गृहीत धरली की मार्क कापलेच. सीएसच्या सोडा हॉलमध्ये ऑफिस अवर्सना, म्हणजे शंका विचारायच्या वेळेला, रांग लागायची. नंबर आला की टीए (शिकवायला मदत करणारा विद्यार्थी) विचारायचा, नक्की कुठल्या ओळीवर अडलीस? 'सगळंच कळत नाही' म्हटलं की, आधी स्वतः लिहून बघ आणि मग ये. आरएसए ही संदेश गुप्त ठेवायची पद्धत का चालते ते मी रूममेटला फळ्यावर समजावलं, मार्कोव्ह चेन तिने मला. शेवटी मला बी आला, तिला बी मायनस. ती माझ्यापेक्षा कणभरही कमी हुशार नव्हती. तिला कॉग्निटिव्ह सायन्स घ्यावं लागलं.

मामा म्हणतो, आपली पोरगी हुशार, तिने करून दाखवलं. मेहनत मी केलीच, ती कुणी नाकारू नये. पण फायनलमधलं एक गणित चुकलं असतं तर मीही तिच्याच बाकावर असते. असला जुगार दुसऱ्याच्या मुलाला सुचवायचा नसतो, हे मी त्याला किती वेळा सांगितलंय.

आणि तो रस्ताही आता बंद झालाय. 2023 च्या फॉलपासून (ऑगस्टच्या सत्रापासून) प्रवेश घेणाऱ्यांना अर्जातच सीएस मागावं लागतं. इतरांना आत गेल्यावर कॉम्प्रिहेन्सिव्ह रिव्ह्यूसाठी, म्हणजे ग्रेडसोबत बाकीचंही बघून होणाऱ्या निवडीसाठी, अर्ज करता येतो, पण जागा मोजक्या, आणि अमुक जीपीए आणला की काम झालं असा हिशोबच उरलेला नाही.

हां, मुलाचं खरंच काही ठरलेलं नसेल, गणित, भाषाशास्त्र, काहीही आवडू शकत असेल, तर बर्कली जरूर घ्या. मीही तशीच गेले होते आणि ते दिवस मला फार आवडले. शिवाय हे सगळं बर्कलीपुरतं. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनसारख्या ठिकाणी नियम वेगळे, पण तिथलं सीएसचं ॲलन स्कूलही बहुतेक मुलं थेट हायस्कूलमधूनच घेतं.

1 मेच्या आत होकार कळवायचा असतो. त्याआधी विभागाच्या सल्लागारांना मेल टाकून लेखी उत्तर घ्या. आणि 'आमच्या मुलीने बदलून घेतलं' असं कुणी म्हणालं, तर ती 2023 च्या आधी गेली की नंतर, एवढं विचारा.