पगार ८२, खर्च १००: वॉर्ड सोडावा का?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. नऊ वर्षं तुम्ही एकाच खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहात. हातात येणाऱ्या पगारात घर चालत नाही. यजमानांचं काम कंत्राटी, त्यामुळे एखाद्या महिन्यात पैसे येतात, एखाद्यात काहीच नाही. विम्याचे क्लेम तपासणाऱ्या एका कंपनीने तुम्हाला टेबलावरची नोकरी देऊ केली आहे आणि उत्तरासाठी तीन आठवडे दिले आहेत. तिथे जाण्याइतकं तुमचं मन मोडलेलं नाही, आणि आहात तिथे राहण्याइतका पगार नाही. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘पैशासाठी पेशंट सोडले तर मी स्वार्थी ठरते का?’

आधी हिशेब मांडू. त्यातूनच या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळेल.

तुमच्या घराचा महिन्याचा खर्च १०० धरते. त्या मापाने तुमचा पगार ८२ येतो. यजमानांची गेल्या वर्षभराची सरासरी १५. दोन्ही मिळून ९७. उरलेले ३ दर महिन्याला क्रेडिट कार्डावर चढतात. कार्डाची थकबाकी आता ६० झाली आहे आणि तिला महिन्याला ३ टक्के व्याज लागतं. महिन्याचे ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण व्याजावर व्याज धरलं तर वर्षाला ते ४२ टक्क्यांच्या वर जातात. शिल्लक शून्य, म्हातारपणासाठी काही नाही. तुम्ही ‘जेमतेम भागतं’ असं लिहिलंय. ताई, भागत नाहीये. घर कर्जावर चाललंय.

पत्रातली एक ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. पहाटे चार वाजता तुम्ही एका आजोबांच्या सलाइनचे थेंब घड्याळ लावून मोजत होतात आणि खिशातल्या फोनवर कार्डाच्या हप्त्याचा मेसेज आला. एक लिटर सलाइन आठ तासांत द्यायचं, २० थेंबांचा एक मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. हा हिशेब तुम्ही झोपेतही चुकणार नाही. पण इतकं काटेकोर मोजणाऱ्या बाईने स्वतःचे तास कधी मोजलेले नाहीत. म्हणून ते मी मोजले.

कागदावर तुमच्या २६ ड्युट्या, आठ-आठ तासांच्या, म्हणजे २०८ तास. तुम्हीच लिहिलंय की हँडओव्हर (पुढच्या पाळीला पेशंट सोपवणं) आणि नोंदी यांत रोज पाऊण तास जादा जातो. त्याचे महिन्याला साडेएकोणीस तास झाले. शिवाय स्टाफ नाही म्हणून महिन्यातून दोन ऑफ रद्द होतात आणि त्याचे पैसे मिळत नाहीत, ते आणखी १६. एकूण अडीचशे तासांना जेमतेम साडेसहा कमी. ठरलेल्या दरानेच या सगळ्या तासांचे पैसे मिळाले असते तर तुमचा पगार ८२ ऐवजी ९६ झाला असता. घरात तूट ३ ची आहे आणि तुम्ही दर महिन्याला १४ रुग्णालयाला फुकट देताय. स्वार्थाचा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलात. तो पगारपत्रक काढणाऱ्यांना विचारायला हवा होता.

‘सेवाभाव असेल तर पगाराचं काय’ हे तुम्हाला मेट्रनपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांनी ऐकवलंय. या विचाराला अर्थशास्त्रातही जागा मिळाली होती. २००५ साली ‘जर्नल ऑफ हेल्थ इकॉनॉमिक्स’मध्ये एक लेख आला. पगार कमी ठेवला तर ज्यांना खरी ओढ आहे अशाच नर्स येतील आणि टिकतील, असा त्याचा साधारण युक्तिवाद होता. पुढच्याच वर्षी दोन स्त्री अर्थतज्ज्ञांनी त्याला उत्तर दिलं: चांगला पगार मिळणारी नर्स अधिक चांगली नर्स असते. मी दुसऱ्या बाजूची आहे, आणि भावनेपोटी नाही. तुटपुंज्या पगारात ओढ असलेली बाई टिकते असं नाही, जिच्या घरात दुसरा भक्कम पगार आहे ती टिकते. ओढ असूनही घर चालवायची जबाबदारी जिच्यावर आहे, ती आधी निघून जाते. तुमच्याबरोबर रुजू झालेल्या सात जणींपैकी आज दोघीच उरल्यात, असं तुम्हीच लिहिलंय. बाकीच्या पाच जणींची माया आटली होती का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२३ साली जगात २ कोटी ९८ लाख नर्स होत्या आणि तरीही ५८ लाख कमी पडत होत्या. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७७ मध्येच नर्सिंगसाठी १४९ क्रमांकाचा स्वतंत्र करार केला. माणसं या व्यवसायाकडे यावीत आणि त्यात टिकावीत असा पगार आणि अशा कामाच्या अटी असाव्यात, असं त्यात लिहिलेलं आहे. म्हणजे नर्सने टिकावं यासाठी पगार हवा, हे पन्नास वर्षांपूर्वीच मान्य झालंय. तुम्ही काही वावगं मागत नाही आहात.

माझी मावशी नर्स होती. निवृत्तीच्या दिवशी तिला शाल आणि मानचिन्ह मिळालं. पायाच्या शिरा तेव्हा इतक्या फुगल्या होत्या की जिना चढताना ती मधेच बसायची. तिने एकदाही तक्रार केली नाही. तिचं बँकेचं पासबुक मी पाहिलं तेव्हा मी नुकतीच पैशांविषयी सल्ला देण्याच्या या कामाला लागले होते. पुढची वीस वर्षं काढायची होती आणि त्यात जे होतं ते दीड वर्षही पुरलं नसतं. म्हणून हा सल्ला मी तुम्हाला जरा कठोरपणे देतेय.

आता निर्णयाकडे येऊ. घरखर्च १००, कार्ड फेडायला ८ आणि शिल्लक टाकायला १०, असे ११८ लागतात. यजमानांचे १५ वजा केले तर तुमचा पगार किमान १०३ हवा. ही तुमची खालची रेघ. हिच्याखाली कुठेही, कितीही आवडीचं काम असलं तरी राहायचं नाही.

क्लेमच्या नोकरीत ११८ मिळतात, रेघेच्या बऱ्याच वर. पण तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं लिहिलंय की तुमच्याकडे डायलिसिसचं प्रमाणपत्र आहे आणि एका केंद्राने मागे १०५ पर्यंत देऊ असं तोंडी सांगितलं होतं. ताई, ही गोष्ट पहिल्या ओळीत लिहायची होती! डायलिसिसचा पेशंट आठवड्यातून साधारण तीनदा येतो, प्रत्येक वेळी चारेक तास असतो. म्हणजे कामाचं वेळापत्रक आधीच ठरलेलं असतं आणि रात्रपाळी बहुधा नसते. रात्रपाळीला मी हलकं लेखत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवलंय. नऊ वर्षं तुम्ही पाळ्या केल्यात. आता थांबता येत असेल तर थांबा.

दोन्ही नोकऱ्यांत कार्ड नवव्या महिन्यात फिटतं. फरक पडतो तो अडीअडचणीच्या पैशात. सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे ६००, बाजूला असायलाच हवा. क्लेमच्या नोकरीत तो साधारण २१ महिन्यांत जमतो, डायलिसिसमध्ये ३४. पेशंटजवळ राहण्याची तुमची किंमत ही: तेरा महिने उशीर. ही किंमत तुम्हाला परवडते. आज जिथे आहात तिथे मात्र ते पैसे कधीच जमणार नाहीत, म्हणून तिथे राहणं परवडत नाही.

माझं मत विचाराल तर डायलिसिस. पण तोंडी आकड्यावर नाही. उद्याच त्या केंद्रात जा आणि पगार, ड्युटीचे तास, जादा तासांचा दर आणि आठवड्याची सुटी हे चारही लेखी मागा. क्लेमवाल्यांना दोन आठवडे काही कळवू नका. १०३ च्या खाली लेखी उत्तर आलं, किंवा काहीच आलं नाही, तर तिसऱ्या आठवड्यात क्लेमची नोकरी घ्या. त्यात कमीपणा नाही. नऊ वर्षं वॉर्डात काढलेली बाई क्लेमचे कागद तपासायला बसली तर एखाद्या पेशंटचा पैसा अडकायचा वाचेल.

कुठेही गेलात तरी नर्सिंगची नोंदणी चालू ठेवा. नूतनीकरणाची तारीख काय आहे ते आजच बघा आणि त्याची फी शेवटच्या पगारातून आधी बाजूला काढा. राजीनामा देण्यापूर्वी विभागवार अनुभवाचा दाखला मागून घ्या. नंतर तो मिळवायला फेऱ्या माराव्या लागतात. रुग्णालयाचा आरोग्यविमा शेवटच्या दिवशी संपेल, तेव्हा घराचा स्वतंत्र विमा त्याआधी सुरू झालेला हवा.

राजीनामा हातात पडल्यावर बहुतेक ते पगार वाढवू म्हणतील. तेव्हा ८२ वर किती टक्के वाढवताय असं विचारू नका. २४३ तासांचे किती देताय ते विचारा आणि जो आकडा सांगतील तो मला कळवा.