‘घरी जायचंय’ म्हणणारा मुलगा

“मॅडम, परदेशात गेलो तेव्हा त्रास झाला, ते समजतं. पण आपल्याच गावात परत आल्यावर जीव का लागत नाही?” समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की एकदा सविस्तर लिहावंच असं ठरवलं. आखातातून परतलेल्या नर्सताई विचारतात, अमेरिकेतून परतलेले इंजिनिअर विचारतात. पण त्याचं उत्तर मला सापडलं ते नागपूरच्या सदर भागातल्या एका ख्रिस्ती पाळकांच्या कुटुंबात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

नवरा-बायको तेरा वर्षं आफ्रिकेतल्या मलावीत मिशनचं काम करत होते, झोम्बाजवळच्या एका गावात. थोरली लहान असताना त्यांच्यासोबत तिकडे गेली, धाकट्याचा जन्म तिकडचाच. आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि तीन आठवड्यांत सगळं आवरून हे लोक नागपुरात आले, तेही मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात. पहिले दोन महिने कौतुकात गेले. मग अकरा वर्षांचा धाकटा गप्प झाला. आजी मला फोनवर म्हणाली, “पोरगं बोलूनच नाही राहिलं. ताट तसंच ठेवते. नजर लागली काय म्हणून पाहिलं, ते बी नाही.”

पहिल्या भेटीत पाळकसाहेबच बोलले. मुलांनी कृतज्ञ असावं, देवानं सुखरूप आणलं, आजीजवळ राहायला मिळतंय, तक्रारीला जागा कुठे? बाई पदराशी चाळा करत बसल्या होत्या. मधेच एवढंच म्हणाल्या, “चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायला, तिकडचे अनुभव सांगायला बोलावतात. मी सांगायला लागते आणि लोक म्हणतात, छान, चला जेवायला.”

साहेबांचं आणखी एक वाक्य मी लिहून ठेवलं आहे. ते हिस्लॉप कॉलेजचे विद्यार्थी. म्हणाले, “स्टीफन हिस्लॉप १८४५ साली स्कॉटलंडहून इथं आले आणि १८६३ मध्ये इथंच वारले. मिशनरी जातो कसा, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तो परत कसा येतो, हे कुणी शिकवलंच नाही.”

चौथ्या भेटीला मी प्रत्येकाला तिकडची एक वस्तू आणायला सांगितलं. बाईंनी चितेंजे आणलं, तिकडच्या बायका कमरेला गुंडाळतात ते रंगीत कापड. थोरलीनं मैत्रिणींचे आवाज साठवलेला फोन. धाकटा रिकाम्या हातांनी आला. काय आणावंसं वाटलं, असं विचारल्यावर म्हणाला, “मला घरी जायचंय.”

“अरे, घरीच तर आलो आपण,” वडील लगेच म्हणाले. हे वाक्य त्या घरात रोज म्हटलं जात असणार, हे त्यांच्या सुरावरून कळत होतं.

मी त्यांना थांबवलं आणि विचारलं, “साहेब, १३७वं स्तोत्र पाठ आहे ना?” त्यांनी बायबलमधलं ते स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. बाबेलच्या नद्यांकाठी बसून सियोनेच्या, म्हणजे आपल्या मायभूमीच्या आठवणीनं रडणारे लोक, झाडांवर टांगलेल्या वीणा, परक्या मुलखात गाणं कसं गावं... आणि तिथेच ते अडले. मुलाकडे पाहत राहिले.

“म्हणजे याचं सियोन तिकडे आहे.”

पंख्याच्या आवाजाशिवाय खोलीत काही नव्हतं. मग ते खाली मान घालून म्हणाले, “रात्री प्रार्थना मला अजून तिकडच्या चिचेवा भाषेतच येते. हिला कळू नये म्हणून पुटपुटतो.”

बाई म्हणाल्या, “मला ऐकू येते. रोज.”

स्तोत्राचा आधार घ्यावा, हे मला त्या क्षणी सुचलं याचं समाधान आजही आहे. माणसाला त्याच्याच शब्दांत उत्तर मिळावं, या विश्वासावर मी इतकी वर्षं काम करते. मात्र त्या दिवशी मलाही एक गोष्ट लख्ख दिसली. मी ‘जुळवून घेणं’ शोधत होते आणि समोर चालू होता शोक. तेरा वर्षांचं गाव, भाषा, माणसं गेली होती. पण कुणी मेलं नव्हतं, त्यामुळे कुणी भेटायलाही आलं नव्हतं. वरून देवाच्या कामाला गेलेल्यांनी रडायचं म्हणजे श्रद्धा कमी पडली, अशी भीती.

म्हणून अशा घरांना मी आता पहिल्यांदा हेच सांगते: मुलांकडे कृतज्ञता मागू नका, आधी रडू द्या. परतण्यातही उतार असतो, हे जॉन आणि जीन गुलाहॉर्न या अभ्यासकांनी १९६३ मध्येच मांडलं होतं. सुरुवातीच्या आनंदानंतर मन खचलं तर घाबरू नका. तिकडची भाषा घरात रोज थोडी बोला. मराठी लिहिताना चुकणाऱ्या मुलाला पाहुण्यांसमोर वाचायला लावू नका, हे तर अगदी कळकळीनं सांगते. घाईत निघाला असाल तर उशिरा का होईना, निरोप घ्या. या कुटुंबानं गावातल्या मंडळीला व्हिडिओ कॉल केला आणि तासभर नुसती नावं घेतली. नातेवाइकांनो, “बरं झालं आलात” म्हणण्याआधी तिकडच्या एखाद्या माणसाचं नाव विचारा. आणि झोप, जेवण, शाळा दोन आठवड्यांहून जास्त विस्कटली, किंवा मरणाची भाषा निघाली, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे.

बाईंनी इतवारीतून पांढरा मका शोधून आणला, चक्कीवर बारीक दळून घेतला आणि एका रविवारी न्सिमा, म्हणजे तिकडचं मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं जेवण, केला. आजी म्हणाली, “हे तर आमच्या लहानपणच्या कण्यांसारखंच आहे.” धाकट्यानं तिला गोळा कसा वळायचा, अंगठ्यानं खळगा करून त्यात भाजी कशी घ्यायची, ते दाखवलं. आता दर रविवारी ती विचारते, “त्या तुझ्या दोस्ताचं नाव काय रे?” तो सांगतो, ती चुकीचं म्हणते, तो परत सांगतो.