तिच्या माघारी काही नको

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. बायकोच्या बायोप्सीत हाय ग्रेड सीरस कार्सिनोमा, स्टेज थ्री-सी, म्हणजे अंडाशयाचा, पोटात पसरलेला कॅन्सर. तिला मात्र 'पोटात पाणी झालंय, गाठ काढावी लागेल' एवढंच सांगितलंय. आई म्हणते, खरं कळलं तर ती खचेल. तू विचारतोस, काय करू?

तिच्या माघारी, म्हणजे तिच्यापासून लपवून, काही नको. माझं उत्तर एवढंच आहे.

तिला कळणारच आहे. डे-केअर वॉर्डात ती पाच-सहा तास सलाइन लावून बसेल आणि शेजारच्या खाटेवरची बाई सहज विचारेल, "तुमची कितवी केमो?" पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस हातात यायला लागतील. आजाराचं दुःख तिला आहेच. 'सगळ्या घराला ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं' हे दुसरं दुःख तुम्ही कशाला देता?

लपवालपवी एकतर्फी राहत नाही, हेही लक्षात घे. तू रिपोर्ट लपवलास की ती दुखणं लपवते. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने बोटांना मुंग्या येतात, ब्लाउजची हुकं लागत नाहीत, पायातली चप्पल निसटलेली कळत नाही. हे वेळेत सांगितलं तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. 'त्याला आणखी ताप नको' म्हणून ती गप्प बसली, तर तो बधिरपणा कायमचा राहू शकतो.

सांगायचं कसं? रात्री घरी, एकट्याने नको. डॉक्टरांकडे वेगळी वेळ माग आणि आधी तिला विचार: "तुला सगळं ऐकायचंय, मोजकं ऐकायचंय, की तू विचारशील तेवढंच?" ती म्हणाली, 'किती टक्के वगैरे मला नको', तर तो तिचा निर्णय आहे, मान्य कर. ऑपरेशननंतर हाच प्रश्न पुन्हा विचार, कारण उत्तर बदलतं. दोघांनी आपापले प्रश्न वहीत लिहून न्या. आधी ऑपरेशन, की तीन केमो देऊन मग? बीआरसीए, म्हणजे आनुवंशिक कॅन्सरशी जोडलेल्या जनुकांची तपासणी कधी? रात्री ताप आला तर कुणाला फोन करायचा?

उपचाराचं चक्र 21 दिवसांचं. साधारण सहा वेळा. ते भिंतीवरच्या कालनिर्णयवर दोघांनी मिळून मांडा. पहिले दोन दिवस केमोसोबत दिलेल्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे झोप उडते, चिडचिड होते. रात्री दोनला ती ओटा घासत बसली तर वाद घालू नकोस. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी स्टेरॉइड उतरतं, सांधे ठणकतात, कारण नसताना रडू येतं. त्या दिवसांत मोठे निर्णय नकोत, आणि 'तू आता पूर्वीची राहिली नाहीस' हे वाक्य तर अजिबात नको. सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी खाली असतात, जंतुसंसर्गाचा धोका जास्त. थर्मामीटर 100.4 फॅरनहाइटला गेला की क्रोसिन देऊन वाट पाहायची नाही, थेट हॉस्पिटल. तिसरा आठवडा तुमचा. पाहुणे, फिरणं, पैशांचं बोलणं, सगळं तेव्हा.

पैसा म्हणजे, तू पीएफ काढलायस ना? तिला सांगितलंस? तिच्या माघारी काही नको म्हणते त्यात कर्जही आलं. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, विचारायला दोघांनी जा.

माझ्यावर ठपका आहे की मी घरांच्या रीतीत नाक खुपसते, म्हाताऱ्यांना दुखावते. असेल. 'जपण्या'च्या नावाखाली बाईला तिच्याच आजारातून बाहेर बसवतात, त्याला मी माया म्हणणार नाही. खंत एकच, माणसं माझ्यापर्यंत पोचतात ती बहुधा तिसऱ्या केमोनंतर, अबोला मुरल्यावर. तू आधी विचारलंस, म्हणून इतकं लिहितेय.

आता शरीराचं, कारण तू ते विचारणार नाहीस. दोन्ही अंडाशयं काढली की पाळी रातोरात जाते: गरम वाफा, कोरडेपणा, तुटक झोप. तिला त्रास नको म्हणून तू गादी हॉलमध्ये नेशील, आणि ती समजेल तुला किळस येते. विचार. संबंध साधारण सहा-आठ आठवड्यांनी, डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावर. पाण्यावर आधारित जेल वापरा. केमोनंतर काही दिवस कंडोम वापरायला सांगतात, तेव्हा खोबरेल नको, तेलाने लॅटेक्स फाटतं. आणि नुसतं जवळ झोपायला कुणाची परवानगी लागत नाही.

बीआरसीए जनुकात दोष निघाला तर घरात 'माहेरचं आलं' सुरू होईल. ते तिथल्या तिथे थांबवायचं काम तुझं. दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही, आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. तिच्या बहिणीने तपासणी करायला हवी, पण बहिणीला सांगणार ती. तू परस्पर मेव्हण्याला फोन करायचा नाही. मुलीची तपासणी आत्ता नाही. ती सज्ञान झाल्यावर, तिच्या मर्जीने.

उपचार संपले की सीए-125 सुरू होईल, म्हणजे आजार परततोय का हे पाहणारी रक्ततपासणी. आकडा 35 च्या खाली हवा, हे तुला पाठ झालंच असेल. तू एक्सेल बनवशील, मला माहीत आहे. 2010 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली: लक्षणं नसताना केवळ हा आकडा वाढला म्हणून लवकर केमो सुरू केलेल्या बायका जास्त जगल्या नाहीत, उलट त्यांचे बरे दिवस लवकर संपले. तेव्हा दर तीन महिन्यांनी ही तपासणी हवी का, हे डॉक्टरांसमोर तिला ठरवू दे. करायची ठरली तर लॅबला दोघांचे नंबर दे. रिपोर्ट तुझ्या एकट्याच्या मोबाइलवर आला की लपवणं पुन्हा सुरू.

'या आजाराने आम्हाला जवळ आणलं' असं सांगणारे भेटतील. खरं असतं ते, काहींच्या बाबतीत. पण मनाची अशी वाढ आणि भीती एकाच माणसात सुखाने नांदतात. तिने धीट व्हावं अशी फर्माईश करू नकोस. ती म्हणाली की गाडी शिकायचीय, नोकरी सोडायचीय, तर 'आधी बरी हो' म्हणू नकोस. क्लासची फी विचारून ये.

आणि तू. सांभाळणाऱ्याचा ताण अनेकदा रुग्णाइतकाच असतो. आठवड्यातून एकदा दोघांनी आपापला ताण शून्य ते दहात लिहा. चार किंवा वर गेला तर समुपदेशकाची वेळ घ्या. जगणं नको वाटलं तर त्याच दिवशी टेलिमानस, ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416. फोन फुकट, रात्रंदिवस, मराठीतही बोलतात. पार्किंगमध्ये गाडीत बसून रडतोस हे मला कळवलंस, तिला नाही. तिला सांग.

पुढच्या ओपीडीला आईंना घरी राहू दे. डॉक्टरांसमोरची खुर्ची तिला दे, फाइल तिच्या हातात दे, आणि पहिला प्रश्न तिला विचारू दे.

तुझी,
ताई