"जागृत राहा" म्हणजे नेमकं काय करायचं? आणि चर्चमध्ये नुसत्या खुर्च्या मांडणं ही सेवा धरतात का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की मोबाईलवर सारखे "प्रभू याच वर्षी येतोय" असले व्हिडिओ येतात, ते बघून रात्री झोप लागत नाही, आपण तयारच नाही असं वाटतं, आणि चर्चमध्ये तुमच्याकडं काम काय तर उपासनेआधी खुर्च्या मांडायच्या आणि नंतर उचलायच्या, मग प्रभूला दाखवणार काय. मी पाळक नाही, बायबल कॉलेज वगैरे काही केलेलं नाही, सोलापुरात एका दुकानात हिशोब लिहितो आणि चर्चमध्ये प्रभुभोजनाचे पेले धुतो, म्हणजे तुमच्याच लाइनीतला माणूस. जे अंगावर आलंय तेवढंच सांगतो.

आधी झोपेचं बघू. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायातला दहा कुमारींचा दाखला तुम्हाला माहीतच असणार, त्याच्याच शेवटी येशू "जागृत राहा" म्हणतो, लग्नाची रात्र, वराला उशीर, मध्यरात्री हाक, पाचजणींकडं दिव्यासाठी जादा तेल आणि पाचजणींकडं नाही. पण पाचवं वचन लोक घाईत वाचून पुढं जातात. वराला उशीर झाला तेव्हा सगळ्यांनाच डुलक्या आल्या आणि त्या झोपल्या. सगळ्या, शहाण्या धरून! झोपेवरून त्यांना कोणी बोललं नाही, तेल आधी बरोबर घेतलं होतं का एवढंच शेवटी बघितलं गेलं.

सोलापूरकराला खरं तर हे समजावून सांगायला लागत नाही. आमच्याकडं नळाला रोज पाणी नसतं, चार दिवसांनी म्हणा पाच दिवसांनी म्हणा, आणि येतं तेही कधी पहाटे तर कधी रात्री दोनला. म्हणून कोण पाच दिवस नळापाशी बसून राहतंय का? ड्रम घासून ठेवायचे, पाइप नळाजवळ गुंडाळून ठेवायचा, मोटार चालू होतीय का एकदा बघायचं आणि गप झोपायचं. गल्लीत कोणीतरी "पाणी आलं ओ" म्हटलं की दोन मिनिटांत सगळी गल्ली उभी. ज्याचा पाइप फाटलेला असतो तो पण उठतोच, पण त्याची चिंधी आणि दोरी हुडकण्यात निम्मं पाणी जातं.

आता माझी फजिती ऐका. काही वर्षांपूर्वी ३१ डिसेंबरला चर्चमध्ये रात्रभराची प्रार्थना ठेवली होती आणि मी त्यात सगळ्यांच्या पुढं, चहाचं बघा, माइकचं बघा, कोणत्या तासाला कोण प्रार्थना चालवणार त्याची यादी करा, सगळं माझ्याकडं. घरी बायकोच्या उजव्या हाताला प्लास्टर. पाण्याची पाळी त्याच रात्री आहे हे मला ठाऊक होतं, खोटं कशाला बोलू, पण म्हटलं सकाळी येईल. आलं अडीचला. मी तिकडं डोळे मिटून "प्रभो, आम्हाला जागं ठेव" म्हणत होतो. साडेपाचला घरी आलो तर बायको पायरीवर बसलेली आणि तिन्ही ड्रम काठोकाठ. शेजारच्या अक्कांनी भरले होते. अक्का तेलुगू, घरात बसून विड्या वळतात, दिवसभर मांडीवर सूप, पानं कातरायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, हजाराचा हिशोब पुरा होईपर्यंत पाठ सरळ करायची नाही. त्या बाईनं झोपेतून उठून आधी आमचं भरलं, मग स्वतःचं, आणि त्यांचे दोन हंडे कोरडेच राहिले कारण तोवर पाणी गेलं. बायको चिडली नाही. एवढंच म्हणाली, "जागरण कुठं करायचं होतं?"

त्या दिवशी नव्या वर्षाच्या उपासनेत माझं लक्षच नव्हतं. घरी येऊन मत्तयचा २४ वा अध्याय काढला, त्यात विश्वासू दासाचं आहे बघा, ४५ वं वचन. धन्यानं त्याला काम काय दिलंय तर घरच्यांना वेळेवर खायला घालायचं. बास. गच्चीवर उभं राहून माझी वाट बघ असं कुठं म्हटलेलं नाही. धनी येईल तेव्हा तो ते वाढायचं काम करताना सापडला तर तो धन्य. मी किती वर्षं हा भाग वाचत होतो आणि मला त्यात फक्त "धनी येणार" एवढंच दिसायचं, ताट दिसलंच नव्हतं.

(एक गोष्ट मात्र मला अजून जुळवता येत नाही. दाखल्यातल्या शहाण्या कुमारी म्हणतात, आम्हाला आणि तुम्हाला पुरणार नाही, जा, विकत आणा. अक्कांनी तर स्वतःचे हंडे कोरडे ठेवून आमचे ड्रम भरले. आमच्या पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले तेल म्हणजे ज्याचं त्याचं देवाशी नातं, ते उसनं देता येत नाही. पटतं. पण अक्का आठवल्या की परत अडतं.)

तारखांच्या व्हिडिओंचं थोडक्यात सांगतो, बंद करा. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या उपदेशकाच्या लोकांनी प्रभू येण्याचा दिवस म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ धरला होता, शेतातली पिकं तशीच सोडून लोक वाट बघत बसले. हॅरोल्ड कॅम्पिंगनं रेडिओवरून २१ मे २०११ सांगितला, चुकला तर ऑक्टोबर सांगितला, तोही गेला. (२१ मेला सोलापुरात तसाही जगाचा शेवट आल्यासारखंच वाटतं, ते वेगळं.) आणि हे काही नवीन नाही, पहिल्या शतकात थेस्सलनीका गावच्या ख्रिस्ती मंडळीत पण काही लोक कामधंदा सोडून दुसऱ्यांच्या घरात लुडबुड करत बसले होते आणि प्रेषित पौलानं त्यांना पत्रातून चांगलं सुनावलंय, गपचूप काम करा आणि आपली भाकरी खा म्हणून. तो स्वतः तंबू बनवून पोट भरायचा, त्यामुळं त्याला बोलायचा हक्क होता.

तुम्ही लिहिलंय "भीती वाटते". त्याच २५ व्या अध्यायात धनी गावाला जाताना तीन चाकरांकडं पैसा सोपवून जातो, त्यातला तिसरा चाकर आठवा, ज्यानं धन्याचा पैसा जमिनीत पुरला. त्यानं उधळला नाही, चोरला नाही. का पुरला, तर "मी भ्यालो". आणि त्याला एकच तालांत (त्या काळचं पैशाचं माप) मिळाला म्हणून आपण त्याला बिचारा समजतो, पण एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. सोळा-सतरा वर्षांची कमाई एकाच गाठोड्यात! थोडकं कुणालाच दिलेलं नव्हतं.

पुण्याला रेल्वेनं जाताना दौंड सोडलं की केडगाव लागतं, तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. बाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत आणायचं काम घेतलं होतं, तेही शेकडो बायका-पोरींचा संसार सांभाळत. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, जिच्या भरवशावर मागचं सगळं सोडायचं होतं तीच. बाई कामाला लागूनच राहिल्या, ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, अख्खं बायबल छापून निघालं १९२४ ला. गाडी तिथं फार वेळ थांबत नाही पण मी प्रत्येक वेळी खिडकीतून बघतो.

आता तुमच्या खुर्च्या. आमच्याकडं पण प्लॅस्टिकच्याच आहेत, त्यातल्या दोन-तीन खुर्च्यांच्या मागच्या पायाला तडा गेलाय, वरून दिसत नाही, बसल्यावर कळतं. आमच्याकडं जो पोरगा मांडतो तो प्रत्येक खुर्ची एकदा हातानं दाबून बघतो आणि तडा गेलेली स्टोअरमध्ये उलटी करून ठेवतो, गुडघेदुखीवाल्या एका आजींची खुर्ची पंख्याखाली आणि दाराजवळ ठेवतो म्हणजे त्यांना मधेच उठता येतं. त्याला कोणी सांगितलेलं नाही. स्टेजवरून त्याचं नाव कधी घेतलं गेलेलं मला तरी आठवत नाही, आणि त्याला पण तसं काही पाहिजे असेल असं वाटत नाही. तुम्ही येत्या रविवारी एवढंच करून बघा, मांडताना प्रत्येक खुर्चीवर कोण बसणार आहे ते डोळ्यापुढं आणा. आणि रात्री मोबाईल लांब ठेवा, घरात कोणाशी वाकडं बोलला असाल तर ते झोपायच्या आधी मिटवा, उद्याचं काम काढून ठेवा, आणि झोपा. शहाण्या कुमारी झोपल्या होत्या, तुम्ही पण झोपा.

हे सगळं बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली अक्कांचं लिहिलं ते बरं केलंत, पण ड्रम तीन नव्हते, चार होते, आणि वर पिंप वेगळं.